अण्णांनी रक्त काढायला लावलं

मगदुमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, म्हणून भांडणंसुद्धा त्याआधी उरकून घ्यायची जुनी पद्धत. पोटात अन्न पडलं की मगदूम मंडळी सुस्तावतात, आणि सुस्तावलेल्या माणसाशी भांडण्यात कसली मजा? त्या दिवशीही गोमटेशनं दुपार कलायच्या आधीच सगळ्यांना वरच्या सोप्यात, म्हणजे बैठकीच्या जागेत, बोलावलं. चंदनाआक्कांनाही बोलावलं, हे मात्र नवल होतं.

आक्का म्हणजे अण्णा आणि गोमटेश या दोन्ही भावांच्या थोरल्या बहीण. निपाणीत जन्मल्या, अक्कोळच्या चौगुल्यांत दिल्या, नवरा गेल्यावर परत निपाणीत आल्या. आल्या कसल्या, कुंथुनाथअण्णांनी त्यांना मुद्दाम जाऊन आणलं. अण्णांची बायको गेली होती आणि वृषभ तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होता. "आक्का, माझं पोरगं तूच बघ," एवढंच अण्णा म्हणाले होते. तेव्हापासून पोरगं आक्कांनीच बघितलं. कोठीच्या किल्ल्या आक्कांच्या कमरेला, बस्तीतल्या, म्हणजे जैन देवळातल्या, पूजेची पाळी आक्कांच्या ध्यानात, लोणच्याच्या बरणीला हात लावायची आक्कांशिवाय कुणाची टाप नाही. पण तंबाखूची वखार, जमिनीचे व्यवहार, कोर्टकचेरी हे सगळं वरच्या सोप्यातलं. तिथं आक्कांनी फक्त चहा पाठवायचा.

आणि हो, सह्या करायच्या. घरात नवीन चाक आलं की ते आक्काच्या नावावर घ्यायचं, हा अण्णांचा नेम. "आक्काच्या हाताला यश हाय," म्हणून ट्रक तिच्या नावावर, जीप तिच्या नावावर आणि गेल्या पाडव्याला आलेली पांढरी मोठी गाडीही तिच्याच नावावर. आक्का हौसेनं कुंकू लावायच्या, हार घालायच्या, दाखवतील तिथं सही ठोकायच्या. अख्ख्या निपाणीत एवढ्या गाड्यांची मालकीण दुसरी नाही, असा तोराही मिरवायच्या. पुढं त्या गाडीत कोण बसतं, कुठं जातं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी सकाळी मात्र एक हवालदार दारात आला आणि त्यानं अण्णांचं नाव घेतलं नाही, गोमटेशचंही नाही. "चंदना बाहुबली चौगुले यारु?" म्हणजे कोण, असं त्यानं कानडीत विचारलं. आक्का पदराला हात पुसत पुढं आल्या. त्यांच्या हातात त्यानं पोलिसांची नोटीस दिली. प्रश्न एकच होता: त्या संध्याकाळी तुमची गाडी कोण चालवत होतं?

ती संध्याकाळ घरातलं लहान मूलसुद्धा विसरलेलं नव्हतं. दिवाळी होऊन गेली होती. वृषभ कॉलेजातल्या दोस्तांबरोबर जांबोटीकडं कुठल्याशा रिसॉर्टला गेला. गाडी न्यायला घरचा जुना ड्रायव्हर मष्णू बरोबर होता, म्हणून घरात कुणी काळजी केली नाही. परतताना गाडीत हे दोघंच होते, दोस्त मागं राहिले. खानापूरच्या अलीकडं एका फाट्यावर गाडी रस्ता सोडून खाली उतरली. तिथं नाचण्याचं पोतं पायाशी ठेवून रवळू नावाचा एक शेतकरी बसची वाट बघत उभा होता. त्या बाजूला बस कधीतरीच येते, म्हणून बिचारा तासभर आधीच येऊन उभा राहिलेला. बस यायच्या आधी मगदुमांची गाडी आली. त्याच्या उजव्या पायाचा गुडघ्याखाली चुराडा झाला.

गर्दी जमेपर्यंत वृषभ आणि मष्णू दोघंही गाडीतून खाली उतरून त्या माणसाला उचलू बघत होते. त्यामुळं चाकामागं कोण होतं याचा घोळ झाला. कुणी म्हणालं म्हातारा होता, कुणी म्हणालं पोरगं होतं. रवळू तर बेशुद्धच. निपाणीहून अण्णा ठाण्यात पोचले तेव्हा फौजदार जखमीची माहिती लिहून घेत होते. तेवढ्यात दारातनं कुणीतरी ओरडलं, "पोरगं प्यालंय त्ये!"

झालं. अण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला. मगदुमांच्या घराला दारुड्या म्हणायचं? जिथं पाणीसुद्धा गाळून पितात, जिथं कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही, त्या घराला? फौजदार शांतपणे म्हणाले, "साहुकार्रे, जरा बसा, आधी जखमीचं बघू." अण्णा कसले बसतात!

"रक्त काढा!" भरल्या ठाण्यात अण्णा गरजले. "आत्ताच्या आत्ता डाक्टर बोलवा आणि माझ्या पोराचं रक्त काढा. मगदुमाचं रक्त हाय. खरं तेच बोलंल!"

नुसतं म्हणून थांबले नाहीत, तसा लेखी अर्जच दिला. मष्णूनं पुढं आक्कांना सांगितलं, की वृषभनं बापाच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि काही न बोलता बाही वर केली.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागले. तोवर अण्णा निपाणीभर छाती काढून हिंडले. अहवाल आला आणि अण्णा बस्तीला जायचे बंद झाले. कायद्यानं चालतं त्याच्या कितीतरी पट दारू मगदुमाच्या रक्तात निघाली होती. रक्त खरं तेच बोललं होतं.

आता सोप्यात अण्णा खिडकीशी बसले होते आणि बाहेरच बघत होते. गोमटेश मधोमध. त्याची बायको सोनल भिंतीला टेकून. त्यांची लेक दिव्या बेळगावच्या कॅम्पात एका वकिलांच्या हाताखाली काम करते, ती निरोप मिळताच बसनं आलेली. वृषभ दाराजवळ खाली मान घालून उभा होता. त्याला बस म्हणायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आक्का, काम सोपं हाय," गोमटेशनं सुरुवात केली. "दारू पिऊन गाडीत बसनं गुन्हा न्हाय. चालवनं गुन्हा हाय. मष्णू म्हणतोय, मी चालवत व्हतो. त्यानं थेंब घेतला न्हवता, लायसन चालू हाय, इमा चालू हाय. इमा कंपनी त्या रवळूला भरपाई देईल. मष्णूवर बारकी केस हुईल, ती मी बघतो. उत्तर मी टाइप करून आणलंय. तू फक्त खाली सही कर."

"आणि वृषभ चालवत व्हता असं म्हटलं तर?" आक्कांनी विचारलं.

गोमटेशला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. उत्तर दिव्यानं दिलं. "आत्या, मग दारू पिऊन चालवल्याचं कलम लागतं. त्यात माणूस कायमचा जायबंदी झालाय म्हणून दुसरं मोठं कलम. शिक्षा तुरुंगापर्यंत जाऊ शकते. जामीन होतो, पण केस वर्षानुवर्षं चालते, लायसन जातं. आणि इमा कंपनी रवळूला पैसे देते, पण मग तेवढे सगळे गाडीच्या मालकाकडनं वसूल करते."

"मालकाकडनं म्हंजे अण्णाकडनं?"

"न्हाय आत्या. तुझ्याकडनं. तुझ्या नावावर अक्कोळचा मळा आहे. त्यावर येतील ते."

अक्कोळचा मळा म्हणजे नवऱ्याच्या मागं राहिलेली एवढी एकच गोष्ट. त्यावर कुणाचा डोळा पडलेला त्यांना खपत नसे. पण मगदुमाची लेक, तोंडावर काही दिसू देणार थोडीच!

"वाच बघू ते मोठ्यानं," त्या गोमटेशला म्हणाल्या.

"काय वाचायचं त्यात?"

"मी सही करनार न्हवं? मग वाच."

गोमटेशनं घसा खाकरून वाचलं. शेवटचं वाक्य होतं, की सदर गाडी चालक मष्णू हाच चालवत होता याची मला खात्रीलायक माहिती आहे.

"मला?" आक्का म्हणाल्या. "मी त्या सांजंला खाली धपाटी थापत व्हते. मला कुठली बाई खात्रीलायक माहिती?"

"आक्का, तशी लिहायची रीत असतीया," सोनल मधे पडली. "सहीच तर करायची हाय. आजवर न वाचता किती केल्यात तुम्ही."

बोलणं अगदी सहज होतं, पण वर्मी लागलं. आक्का एरवी सोनलला सोडायच्या नाहीत. आज मात्र सोडलं, कारण बाई खोटं बोललेली नव्हती.

"व्हय, केल्यात की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आज पोलीस माझं नाव इचारत दारात आला. उभ्या जन्मात कुठल्या पोलिसानं माझं नाव घेतलं न्हवतं. आता घेतलंय, तर उत्तरबी माझंच जाईल. मष्णूला वर बोलवा."

मष्णू वर आला आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. तीस वर्षं या घराच्या गाड्या हाकल्या, पण वरच्या सोप्यात तोही आक्कांसारखाच पाहुणा.

"आत ये. आणि माझ्याकडं बघून सांग. गाडी तू चालवत व्हतास?"

मष्णूनं गोमटेशकडं बघितलं.

"तिकडं न्हाय रं, हिकडं बघ."

"आक्का, त्यानं चावी मागितली," मष्णू म्हणाला. "'मष्णूमामा, चावी द्या' म्हणाला. वास येत व्हता तोंडाला. मला कळत व्हतं. खरं मालकाचं पोरगं, न्हाय कसं म्हणायचं? दिली. चावी दिली म्हंजे माझीच चूक झाली की न्हाय? मग मीच हुतो म्हणून सांगतो. लायसन जाईल, जाऊंद्या. डोळंबी आता पयल्यासारखं न्हाय ऱ्हायलं."

"मामा, लायसनच नाही," दिव्या म्हणाली. "माणूस जायबंदी झालाय. तुम्हीच चालवत होता म्हटलं तर तुम्हालाही तुरुंग होऊ शकतो."

मष्णूनं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. "तेवढं धाकल्या मालकांनी सांगितलं न्हवतं," तो म्हणाला.

"दिव्या, तू कुणाच्या बाजूनं हाईस?" गोमटेश उसळला. "बापाच्या का पोलिसाच्या?"

"पप्पा, मी आत्याच्या बाजूनं आहे. फाट्यावरच्या दुकानात कॅमेरा आहे की नाही हे तुम्ही बघितलंय? मी बघितलंय. आहे. त्याचं चित्रण पोलिसांनी अजून मागवलं नसेल, उद्या मागवतील. त्यात दादा चाकामागनं उतरताना दिसला, की खोटी माहिती दिली म्हणून पहिली केस आत्यावर. मष्णूमामांवर दुसरी. आणि हे टाइप कुणी केलं असं विचारलं, तर तिसरी कुणावर ते तुम्हीच बघा."

महिन्यावर आलेल्या पंचकल्याणक पूजेत, म्हणजे तीर्थंकरांच्या जन्मोत्सवाच्या सोहळ्यात, गोमटेश सौधर्म इंद्र होऊन हत्तीवर मिरवणार होता, आणि सोनल इंद्राणी. त्या मानासाठी त्यानं बस्तीत भर सभेत सगळ्यांच्या वरचढ बोली लावली होती. मुकुटाची मापंसुद्धा देऊन झाली होती. आता त्यानं हातातल्या कागदाची घडी घातली.

आणि सगळ्यात आधी कोण फुटलं असेल, तर सोनल. "अवो, मला एक सांगा," ती नवऱ्याला म्हणाली, "मी इंद्राणी हून हत्तीवर बसायचं, आणि तिकडं माझी नणंद कोर्टात उभी? मग लोकं हत्तीकडं बघतील व्हय? काय नको ते. आक्का, तुम्ही न्हाय सही करायची."

"तू गप गं!"

"का म्हणून गप? साडीची किंमत मी मोजल्या, मीच बोलणार."

एरवी आक्का पोट धरून हसल्या असत्या. सोनलचा पुळका त्यांना चांगला कळत होता, पण बाजूला आलेलं माणूस कशापायी आलं हे फार विचारू नये, एवढं त्यांना वयानं शिकवलं होतं. त्या वृषभकडं वळल्या. एवढा उंच पोरगा, पण दाराच्या चौकटीला टेकून असा आकसला होता, जसा लहानपणी पाटी फोडून आला की आकसायचा.

"वृषभ, बोल बाबा. सगळी तुझंच बोलायलेत. तू कधी बोलणार?"

"आत्या, मला भीती वाटत्या," तो म्हणाला.

"तुरुंगाची?"

"न्हाय. अण्णांची."

खिडकीशी बसलेल्या अण्णांनी पहिल्यांदाच मान वळवली. अहवाल आल्यापासून बाप लेकाशी एक शब्द बोललेला नव्हता.

"माझी?" अण्णा म्हणाले. "मग त्या दिवशी ठाण्यात का बोलला न्हाईस? 'अण्णा, रक्त काढू नका' म्हणायचंस. कानात म्हणायचंस. मी काय केलं असतं?"

"तुम्ही एवढ्या लोकांत म्हणालात, मगदुमाचं रक्त हाय, खरं तेच बोलंल," वृषभ म्हणाला. "एवढ्या मोठ्यांदा म्हणालात. त्यांच्यापुढं तुम्हाला खोटं कसं पाडायचं? मला वाटलं, काढूंद्या रक्त. निघंल ते निघंल. मी बाही वर केली तवाच मी कबूल केलं व्हतं, अण्णा. तुम्हालाच कळलं न्हाय."

आक्कांना वाटलं, आता कुंथू उठेल आणि पोराच्या कानाखाली वाजवेल. त्याचा हात लहानपणापासून लगेच उठायचा. त्या पुढं सरकल्यासुद्धा. पण अण्णा उठले ते थेट गोमटेशपाशी गेले आणि त्यांनी त्याच्या हातातनं तो टाइप केलेला कागद काढून घेतला.

"आपल्या वडलांनी, आबांनी, वखारीतला भिजलेला तंबाखू गिऱ्हाइकाला दिला न्हाय, चौकात जाळला," अण्णा म्हणाले. "हे मी ज्याला सांगितलं न्हाय अशा एका माणसाचं नाव घे, गोमट्या. गावभर सांगत हिंडलो. व्यापाऱ्याला सांगितलं, सोयऱ्याला सांगितलं, त्या फौजदारालाबी सांगितलं. आणि आता माझ्या घरातला भिजलेला माल मी मष्णूच्या नावावर खपवू? माझ्या गड्याच्या?"

"अण्णा, अब्रू..." गोमटेश पुटपुटला.

"अब्रू त्या पोरानं बाही वर केली तवा राखली. घालवली ती आपण दोघांनी. मी बोंबलून आणि तू टाइप करून."

कागदाचे तुकडे करून अण्णांनी ते कोपऱ्यातल्या रद्दीत टाकले. आक्कांच्या उरात असं काही भरून आलं, की त्यांनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. माझा भाऊ, माझ्या आबांचा लेक, असं त्यांना साऱ्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ओरडायचा मक्ता अण्णांकडं होता आणि त्याचं काय होतं ते नुकतंच बघून झालं होतं.

"आक्का, तुझा मळा जाणार न्हाय," अण्णा म्हणाले. "मी वखार विकायला काढतो. इमा कंपनीचं काय ते मी भरतो."

"तू कोण भरणार?" आक्का ताडकन म्हणाल्या. "गाडी कुणाची?"

"आक्का, ती नुसती नावाला..."

"नावाला न्हाय! हार मी घातला, नारळ मी फोडला, नोटीस माझ्या नावची आली. गाडी माझी. वखारीतला एक पैसाबी न्हाय घ्यायचा. मळाबी विकायचा न्हाय. वृषभ, ऐक. उद्यापास्नं तू अक्कोळात ऱ्हायचं. ऊस हाय, सोयाबीन हाय, मळा कसायचा. पिकंल त्यातनं त्या रवळूचं घर चालवायचं, इमा कंपनीचं फेडायचं. केस चालंल तवर चाललं. गाडी न्हाय, मोटारसायकल न्हाय. बसनं जायचं आणि बसनं यायचं. आणि तोंडाला परत वास आला, तर ह्या आत्याला मेली समज."

"व्हय, आत्या," वृषभ म्हणाला. त्याचा आवाज लहान होता, पण मान आता वर होती.

दिव्यानं नवीन उत्तर लिहायला घेतलं. आधी ते मराठीत वाचून दाखवलं, मग कानडीत उतरवलं. गाडी माझी. ती वृषभ कुंथुनाथ मगदूम चालवत होता, असं त्यानं स्वतः मला सांगितलं. एवढंच. आक्कांनी दोनदा वाचून घेतलं, मग सही केली. सावकाश केली, प्रत्येक अक्षर वळवून.

या सगळ्या रामायणात दिवस कधी मावळला ते कुणालाच कळलं नाही. खाली ताटं वाढून झाकून ठेवलेली, ती तशीच राहिली. मगदुमांच्या घरात सगळ्यांना उपास घडला. गोमटेश रुसून खोलीत जाऊन पडला. सोनल मात्र आक्कांच्या मागं मागं फिरत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आक्का, मुकुटाचं आगाऊ दिलंय वो. परत देतील का?" आक्का म्हणाल्या, "इंद्राणी हो की गं. कुणी नको म्हणाल्यालं न्हाय. लोकांनी इचारलं तर काय ते खरं सांग आणि बस हत्तीवर."

सकाळी सगळे बसनंच खानापूरला गेले. ठाण्यात फौजदारांनी आक्कांचं उत्तर वाचलं आणि चष्मा काढून अण्णांकडं बघितलं. त्यांना रक्त काढायला लावणारा साहुकार चांगला आठवत होता. "कागद तुमच्याविरुद्ध जातोय हे कळतंय न्हवं?" त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "कळतंय. घ्या लिहून." वृषभचा जबाब झाला, अटक दाखवली, दिव्याच्या वकिलांनी जामिनाचं बघितलं. अण्णांनी जामीनदार म्हणून सही केली. सही झाल्यावर त्यांनी लेकाच्या खांद्यावर हात टाकला, आणि ठाण्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत काढला नाही.

बाहेर आल्यावर वृषभ म्हणाला, "मला दवाखान्यात जायचंय."

"दादा, नको," दिव्या म्हणाली. "वकील म्हणतील, केस चालू असताना भेटू नये."

"मी काय मागायला न्हाय चाललो."

अण्णा काही बोलायच्या आत आक्का म्हणाल्या, "मी जाते त्याच्यासंगं."

बेळगावच्या दवाखान्यात रवळू दुसऱ्या ऑपरेशनसाठी परत दाखल झाला होता. हाडांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर तो पडलेला, पायातनं लोखंडी सळ्या बाहेर आलेल्या. त्याची बायको मालुबाई उशाशी बसली होती. हे दोघं समोर उभे राहिल्यावर तिनं वर बघितलं.

"कोन तुमी?"

"मी वृषभ मगदूम," तो म्हणाला. "गाडी मी चालवत व्हतो. दारू प्यालेलो."

रवळूनं डोळे उघडले आणि त्याच्याकडं नीट बघून घेतलं. मालुबाई उठून उभी राहिली.

"तुमचा एक मानूस येऊन गेला गेल्या हप्त्यात," ती म्हणाली. "म्हनाला डायवर म्हातारा हाय, गरीब हाय, सांभाळून घ्या. मी म्हटलं, गरिबाचं काय घेनार मी सांभाळून? खोटं बोलत हुता व्हय त्यो?"

आक्कांनी मान खाली घातली. माणूस कुणी पाठवला ते विचारायची गरज नव्हती.

"व्हय," वृषभ म्हणाला. "खोटं व्हतं. आज ठाण्यात मी खरं लिहून दिलंय."

"नांगर कोन धरनार आता? रोप कोन लावनार? तू?" मालुबाईचा आवाज चढला. "लाथ घालावी वाटत्या तुला. जांबोटीपास्नं चालत जावं लागतंय आमच्या घराला, बस न्हाय, काय न्हाय. ह्येंनी डोंगर कसा चढायाचा सांग!"

वृषभ तसाच उभा राहिला. पळाला नाही, पाया पडला नाही, रडलासुद्धा नाही. मालुबाई दम लागेपर्यंत बोलली आणि मग खाटेच्या कडेला बसली. दारात चाकाची खुर्ची येऊन थांबली होती. पायाचा एक्सरे फोटो काढायला न्यायचं म्हणून नर्सनं हाक दिली. मालुबाईनं नवऱ्याच्या काखेत हात घातला आणि उचलायला गेली. एकटीला जड जात होतं.

"बगत काय ऱ्हायलास?" ती वृषभवर खेकसली. "धर की त्या बाजूनं! पायाला धक्का लावू नको."

वृषभ वाकला. रवळूनं एक क्षण मान फिरवली, मग आपला हात त्याच्या गळ्यात टाकला. पोरानं त्याला हळूच उचललं, सळ्या सांभाळत, दात आवळत. "हळू रं," रवळू म्हणाला. "व्हय, हळूच," वृषभ म्हणाला. दोघांनी मिळून त्याला खुर्चीत बसवलं, आणि मालुबाईनं खुर्चीचा दांडा वृषभच्या हातात दिला.

शेजारच्या खाटेपाशी बसलेली कानडी म्हातारी सगळं बघत होती. तिनं आक्कांच्या पदराला हात लावून विचारलं, "यारु री इवरु? कोण ह्यो पोरगा?"

अहवाल आल्यापासून आक्का बस्तीला मागच्या गल्लीनं जात होत्या. कुणी वृषभचं विचारलं की दुसराच विषय काढत होत्या. त्या आता सरळ झाल्या, डोक्यावरचा पदर नीट केला.

"माझा भाचा," आक्का म्हणाल्या, आणि वॉर्डाच्या दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या.